पंचवीस अंशांत मोजलेला कॅमेरा

पावसाळा सरत आला की अ‍ॅक्शन कॅमेरे बनवणाऱ्या कंपन्यांच्या घोषणांचा हंगाम सुरू होतो. 2024 च्या सप्टेंबरमध्ये गोप्रोचा ‘हिरो 13 ब्लॅक’ आणि डीजेआयचा ‘ऑस्मो अ‍ॅक्शन 5 प्रो’ पंधरवड्याच्या अंतराने आले, ऑक्टोबरमध्ये इन्स्टा360 चा ‘एस प्रो 2’ आला. 2025 मध्ये सप्टेंबरात गोप्रोने चहूबाजूंचे एकाच वेळी चित्रण करणारा ‘मॅक्स 2’ जाहीर केला आणि नोव्हेंबरात डीजेआयने ‘ऑस्मो अ‍ॅक्शन 6’. प्रत्येक घोषणेबरोबर आकडे येतात: 8के चित्र, चार तासांची बॅटरी, 20 मीटर खोल पाण्यात सुरक्षित. हे आकडे खोटे नसतात. मात्र ते कोणत्या परिस्थितीत मोजले आणि आपली परिस्थिती त्याहून किती निराळी, हे कळल्याशिवाय त्यांच्या भरवशावर पैसे घालणे शहाणपणाचे नाही.

मीरा-भाईंदरच्या वाचकाला हा विषय परका नाही. घोडबंदर रस्त्याने रोज ठाणे गाठणारे दुचाकीस्वार हेल्मेटला किंवा छातीला कॅमेरा लावून निघतात. उत्तन, पाली, चौक इथल्या बोटींवरचे तरुण मासेमारीचे चित्रण करतात. पावसाळ्यात शनिवारी पहाटेची गाडी पकडून सह्याद्रीत जाणाऱ्यांच्या पिशवीतही हा कॅमेरा असतो. वरच्या श्रेणीतल्या कॅमेऱ्याला आपल्याकडे साधारण 35 ते 50 हजार रुपये लागतात, आणि कार्ड, जादा बॅटरी, पट्टे यांचा खर्च वेगळा. अनेकांसाठी ती दोन-तीन महिन्यांची बचत असते.

या वस्तूचा जन्म समुद्रात झाला. लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या निक वुडमन यांनी 2002 मध्ये कॅलिफोर्नियात गोप्रो ही कंपनी काढली. 2004 मध्ये बाजारात आलेला तिचा पहिला कॅमेरा 35 मिलिमीटर फिल्मचा होता आणि मनगटाला बांधायचा होता. दोन्ही हात कामात असताना, माणूस हलत असताना आणि आजूबाजूला पाणी असताना छायाचित्र घेता यावे, ही मूळ गरज. पुढे चित्र डिजिटल झाले, 2014 मध्ये गोप्रो शेअर बाजारात गेली, आणि गेल्या काही वर्षांत या धंद्याचे केंद्र कॅलिफोर्नियातून चीनमधल्या शेंझेनकडे सरकले. डीजेआय आणि इन्स्टा360 या दोन्ही कंपन्या तिथल्याच. ग्राहकाच्या दृष्टीने या स्पर्धेचा फायदाच झाला आहे, कारण आधी दोन-दोन वर्षे न होणाऱ्या सुधारणा आता वर्षात होतात.

हातात चांगला फोन असताना हा वेगळा कॅमेरा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक ठोस उत्तर खुद्द फोन बनवणाऱ्या कंपनीनेच दिले आहे. 2021 च्या सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलने ग्राहकांना सावध केले की मोटरसायकलच्या जोरदार इंजिनाची कंपने हँडलवरून फोनपर्यंत पोहोचली तर आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो. अशा फोनमध्ये भिंग किंवा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, हात थरथरला तर उलट दिशेला सरकून चित्र स्थिर ठेवते. ही सरकणारी यंत्रणा नाजूक असते आणि सततच्या कंपनांनी झिजते. अ‍ॅक्शन कॅमेऱ्यात भिंग सहसा जागच्या जागी घट्ट बसवलेले असते आणि स्थिर करण्याचे काम गणिताने होते. खड्ड्यांच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

या कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो सीलबंद असतो. धूळ, घाम, पाऊस, समुद्राचे पाणी काहीही आत जाऊ नये म्हणून त्याची प्रत्येक फट रबराने बंद केलेली असते. त्याच्या सर्वांत मोठ्या दोषाचे मूळही इथेच आहे. दर सेकंदाला 4के चित्राच्या 60 किंवा 120 चौकटी टिपायच्या, त्या स्थिर करायच्या आणि दाबून लहान फाइलमध्ये बसवायच्या, एवढे काम करणारा प्रोसेसर भरपूर उष्णता निर्माण करतो. संगणकात ती पंख्याने बाहेर फेकली जाते. इथे पंखा नाही आणि झरोकेही नाहीत. उष्णतेला बाहेर पडायला कॅमेऱ्याच्या कवचाखेरीज वाट नसते. ते कवच उन्हात आधीच तापलेले असेल तर आतली उष्णता आतच साठते, आणि एका मर्यादेनंतर कॅमेरा स्वतःला वाचवण्यासाठी चित्रण थांबवतो.

आता चार तासांच्या बॅटरीकडे पाहू. ऑस्मो अ‍ॅक्शन 5 प्रोच्या माहितीपानावर हा आकडा ठळक छापलेला आहे आणि त्याखाली बारीक अक्षरांत अटी आहेत: प्रयोगशाळेत 25 अंश सेल्सिअस तापमान, 1080पी दर्जाचे चित्र, सेकंदाला 24 चौकटी, वायफाय बंद, स्क्रीन बंद. यातली प्रत्येक अट बॅटरीवरचा भार हलका करणारी आहे. 1080पीच्या एका चौकटीत 4के चौकटीच्या एक चतुर्थांश बिंदू असतात. 24 ऐवजी 60 चौकटी घेतल्या तर काम अडीचपट होते. म्हणजे जो दर्जा दाखवून कॅमेरा विकला जातो त्या दर्जाने चित्रण केले तर प्रोसेसरला मोजमापाच्या वेळेपेक्षा दहापट बिंदू हाताळावे लागतात. बॅटरी त्यामुळे दहापट लवकर संपत नाही, कारण विजेचा खर्च बिंदूंच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, पण चार तास उरत नाहीत हे नक्की. निम्म्याहून कमी वेळ धरून चालणे बरे.

उरला प्रश्न 25 अंशांचा. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा 33-34 अंशांवर असतो, आणि काळ्या रंगाचा कॅमेरा उन्हातल्या डांबरी रस्त्यावर सावलीत नसतो. ऑस्मो अ‍ॅक्शन 5 प्रोसाठी कंपनीने कमाल 45 अंश आजूबाजूच्या तापमानाची मर्यादा दिली आहे. काशीमिऱ्याहून निघालेली दुचाकी धावती असते तोवर वारा कॅमेऱ्याला थंड ठेवतो आणि काही अडचण येत नाही. फाउंटन हॉटेलच्या नाक्यावर किंवा गायमुख घाटाखाली अवजड वाहनांच्या रांगेत अडकले की वारा थांबतो, शेजारच्या ट्रकची धग येते, आणि नेमका तिथेच कॅमेरा बंद पडण्याचा धोका असतो. वाहतूक कोंडीत घासाघासी आणि भांडणे होतात. पुराव्यासाठी कॅमेरा लावणाऱ्याला त्याची गरज जिथे सर्वाधिक, तिथेच तो सर्वांत कमकुवत असतो.

नव्या कॅमेऱ्यांनी या बाबतीत खरी प्रगती केली आहे, हेही सांगायला हवे. हिरो 13 मध्ये बॅटरीची क्षमता 1,720 वरून 1,900 मिलिअँपिअर-तास झाली, डीजेआयने 1,950 दिली. नव्या प्रोसेसरांना त्याच कामासाठी कमी वीज लागते. बॅटरी काढून दुसरी घालण्याची सोय या श्रेणीत अजून टिकून आहे, फोनमधून ती केव्हाच गेली. तरीही सीलबंद कवचाचे मूळ बंधन कोणी ओलांडलेले नाही, आणि पंखा न लावता ते ओलांडणे कठीण आहे.

दुसरी प्रगती सेन्सरच्या आकारात झाली. हिरो 13 चा सेन्सर 1/1.9 इंच वर्गातला, ऑस्मो अ‍ॅक्शन 5 प्रो आणि एस प्रो 2 चा 1/1.3 इंच वर्गातला, आणि ऑस्मो अ‍ॅक्शन 6 चा 1/1.1 इंच. या अपूर्णांकांतला खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा. 1/1.9 पासून 1/1.3 वर गेले की प्रकाश टिपणारे क्षेत्रफळ ढोबळमानाने दुप्पट होते. क्षेत्रफळ दुप्पट म्हणजे त्याच क्षणी दुप्पट प्रकाश गोळा होतो. दिवसा याने फारसा फरक पडत नाही. संध्याकाळी सातनंतर मात्र दोन कॅमेऱ्यांतले सर्व अंतर इथेच दिसते.

कारण असे की प्रकाश कमी पडला की कॅमेरा प्रत्येक चौकटीसाठी पडदा जास्त वेळ उघडा ठेवतो. उन्हात एका सेकंदाचा दोनहजारावा भाग पुरतो, रात्री तिसावा भाग लागतो. चित्र स्थिर करणारे गणित कसे चालते ते पाहिले की याचा परिणाम समजतो. कॅमेऱ्यातला जायरोस्कोप, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारे उपकरण, कॅमेरा कोणत्या क्षणी किती वळला याची नोंद ठेवतो. त्यानुसार प्रत्येक चौकट उलट्या दिशेने सरकवली जाते आणि कडांचा भाग कापला जातो. दोन चौकटींमधला हादरा असा पुसता येतो. एकाच चौकटीच्या आत झालेला हादरा पुसता येत नाही, कारण तो चित्रातच फरपटलेला असतो. रात्रीच्या चित्रणात रस्ता स्थिर पण दिवे थरथरताना दिसतात ते म्हणूनच. डीजेआयने अ‍ॅक्शन 6 मध्ये भिंगाचे छिद्र लहान-मोठे होण्याची सोय दिली आहे, एफ 2.0 ते एफ 4.0 पर्यंत. अंधारात छिद्र मोठे करून पडदा कमी वेळ उघडा ठेवता येतो. सेन्सर आणि हे छिद्र मिळून रात्रीच्या चित्रात जी सुधारणा होते, ती जाहिरातीतल्या इतर कोणत्याही आकड्यापेक्षा मोलाची आहे.

8के या शब्दाचे वजन तपासायला एक हिशेब पुरेसा आहे. समोरच्या दुचाकीची नंबरप्लेट वाचता यावी, ही पुराव्यासाठी कॅमेरा घेणाऱ्याची पहिली अपेक्षा. दुचाकीच्या मागच्या पाटीवरचे आकडे नियमानुसार 40 मिलिमीटर उंच असतात. 4के चित्र आडवे 3,840 बिंदूंचे असते. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचे भिंग रुंद, समजा 120 अंशांचे दृश्य पकडते. म्हणजे एका अंशाला 32 बिंदू आले. 10 मीटरवरचा 40 मिलिमीटरचा आकडा डोळ्याशी जेमतेम पाव अंशाचा कोन करतो, त्याहूनही थोडा कमी. चित्रात त्याच्या वाट्याला उभे सात बिंदू येतात. 3 आणि 8 यांतला फरक सात बिंदूंत सांगता येत नाही, विशेषतः फाइल दाबून लहान केल्यावर. पाच मीटरवर 15 बिंदू मिळतात आणि पाटी वाचता येते. 8केमध्ये हेच 15 बिंदू 10 मीटरवर मिळतात. तेव्हा 8के निरुपयोगी नाही, त्याने वाचनाचे अंतर दुप्पट होते.

पण हा फायदा दिवसाचा. रात्री खड्ड्यावरून जाताना कॅमेरा सेकंदाला 60 अंशांच्या वेगाने झुकला, तर पडदा उघडा असलेल्या एका तिसाव्या सेकंदात तो दोन अंश फिरतो. 4केमध्ये ती 64 बिंदूंची फरपट झाली. सात बिंदूंचा आकडा 64 बिंदूंत पसरला की काहीच उरत नाही, आणि 8केमध्ये फरपटही दुप्पट होते. मोठ्या सेन्सरचा 4के कॅमेरा रात्रीच्या रस्त्यावर लहान सेन्सरच्या 8के कॅमेऱ्याला मागे टाकतो, त्याचे कारण हे आहे.

हाच हिशेब 360 अंशांच्या कॅमेऱ्यांना लावून पाहण्यासारखा आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये इन्स्टा360 चा ‘एक्स 5’, जुलैमध्ये डीजेआयचा ‘ऑस्मो 360’ आणि नंतर गोप्रोचा मॅक्स 2 आले. तिघेही 8के म्हणवतात. पण त्यांचे 7,680 बिंदू पूर्ण वर्तुळावर वाटले जातात. एका अंशाला 21 बिंदू मिळतात, म्हणजे साध्या 4के कॅमेऱ्याहून कमी. पाटी वाचायला हा कॅमेरा कमकुवत आहे. उलट मागून कोण आले, बाजूने कोणी कट मारला, हे एकच कॅमेरा सांगू शकतो ते याच प्रकारात. आणि कुठे रोखायचे याचा विचार न करता चित्रण करून नंतर हवी ती दिशा निवडता येते, हे ट्रेकला किंवा गोविंदा पथकाच्या थरांजवळ फार उपयोगी पडते. यांची भिंगे दोन्ही बाजूंना फुगीर असल्याने ओरखडे लवकर पडत. एक्स 5 आणि मॅक्स 2 मध्ये ती ग्राहकाला घरी बदलता येतात, ही सुधारणा कौतुकाची आहे.

साठवणुकीचा प्रश्न मात्र घोषणांत येत नाही. हिरो 13 सर्वोच्च दर्जावर सेकंदाला 120 मेगाबिट लिहितो, म्हणजे 15 मेगाबाइट. तासाला 54 गिगाबाइट झाले. भाईंदरहून ठाण्याला जायला एक तास आणि यायला एक तास धरला तर रोजचे 108, आणि महिन्याच्या 25 कामाच्या दिवसांचे 2,700 गिगाबाइट. हे कोणी साठवत नाही आणि साठवूही नये. रोजच्या प्रवासासाठी ‘लूप’ पद्धत वापरावी, ज्यात जुने चित्रण आपोआप पुसून त्यावर नवे लिहिले जाते, आणि काही घडले तरच तो भाग जपून ठेवावा. शिवाय या फाइल एचइव्हीसी नावाच्या दाब-पद्धतीत असतात. जुन्या लॅपटॉपवर त्या अडखळत चालतात. कॅमेऱ्याबरोबर संगणकाचाही खर्च येतो, हे अनेकांना खरेदीनंतर कळते.

उत्तनच्या बोटीवर प्रश्न वेगळे आहेत. तिथे खोलीचा आकडा बिनमहत्त्वाचा आहे. हिरो 13 ची 10 मीटर, एस प्रो 2 ची 12 मीटर आणि डीजेआयची 20 मीटर, यांतली कोणतीही मर्यादा बोटीवरच्या माणसाला पुरून उरते. तिथला शत्रू मीठ आहे. कॅमेऱ्यावर उडालेले खारे पाणी सुकले की बॅटरीच्या दाराच्या रबरी पट्टीवर मिठाचे बारीक कण राहतात. दार उघडून पुन्हा लावले की एखादा कण पट्टी आणि कवच यांच्यामध्ये अडकतो आणि केसाएवढी फट राहते. पुढच्या वेळी कॅमेरा 20 मीटर नव्हे, बादलीभर पाण्यातही सुरक्षित नसतो. चार्जिंगच्या तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो तो याच पाण्याने. म्हणून बंदरावर परतल्यावर दार उघडण्याआधी कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा, कोरडा पुसावा, आणि मगच बॅटरी काढावी. बोटीवर जाळे ओढत असताना बॅटरी बदलायची वेळ येऊ नये, यासाठी तिथे मोठ्या बॅटरीचा कॅमेरा घेणे योग्य. इथे चार तासांचा दावा, अर्धा का होईना, उपयोगी पडतो, कारण समुद्रावर वारा असतो आणि 1080पी चित्र यूट्यूबला चालते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत कॅमेरा कोरड्या डब्यात, बॅटरी बाहेर काढून ठेवला तर तो जास्त वर्षे टिकतो.

पावसाळ्यात ट्रेकला जाणाऱ्याला आणखी एक अडचण भेटते. दमट हवेत कॅमेऱ्याचे दार उघडून बंद केले की ती वाफ आत राहते, आणि थंड पाऊस भिंगावर पडला की आतल्या काचेवर धुके जमते. बॅटरी घरून, पंख्याखाली, कोरड्या हातांनी घालून निघणे हा साधा उपाय आहे.

कॅमेरा कुठे लावावा, हा प्रश्न जिवाशी निगडित आहे. हेल्मेटवर लावल्याने चालकाची नजर जिथे, तिथले चित्र मिळते, म्हणून ती जागा लोकप्रिय आहे. पण हेल्मेटचे कवच गुळगुळीत आणि गोल ठेवण्यामागे हेतू असतो. पडल्यावर डोके रस्त्यावर घसरावे, अडकून मानेला पीळ बसू नये. वर चिकटवलेली टणक वस्तू रस्त्याला अडली तर तो पीळ बसू शकतो, आणि आघाताचा जोर एका ठिकाणी एकवटू शकतो. आपल्याकडे हेल्मेटला भारतीय मानक 4151 प्रमाणे चाचणी होऊन जो शिक्का मिळतो, तो मोकळ्या हेल्मेटला मिळतो. 2013 च्या डिसेंबरमध्ये फ्रान्सच्या मेरिबेल इथे बर्फावर मोटार शर्यतपटू मायकेल शुमाकर यांना अपघात झाला तेव्हा हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याची चर्चा जगभर झाली, जरी तोच दुखापतीचे कारण होता असे सिद्ध झाले नाही. केरळच्या मोटार वाहन विभागाने 2022 मध्ये कॅमेरा लावलेल्या हेल्मेटवर दंड आणि परवाना निलंबनाचा इशारा दिला. महाराष्ट्रातल्या चालकानेही त्यातले कारण समजून घ्यावे. छातीचा पट्टा किंवा हँडलची पकड यांनी चित्र थोडे खालच्या कोनातून मिळते, पण मान सुरक्षित राहते.

अपघातानंतर चित्रफीत न्यायालयात टिकावी असे वाटत असेल तर कॅमेऱ्याइतकेच महत्त्व कागदाला आहे. या बाबतीतला देशातला दिशादर्शक निकाल महाराष्ट्रातल्याच प्रकरणात लागला. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर निवडून आले. त्यांचे नामनिर्देशनपत्र मुदतीनंतर स्वीकारले गेले, असा आक्षेप पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी घेतला, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रफिती त्यात कळीचा पुरावा ठरल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 14 जुलै 2020 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवेच. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला येऊन हजर केले तर त्याची गरज नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ही तरतूद कलम 63 मध्ये आली. आता प्रमाणपत्रात फाइलचे ‘हॅश’ मूल्यही द्यावे लागते, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली अशी संख्या, जी फाइलचा एक बिंदू बदलला तरी बदलते.

यातून रोजच्या व्यवहारासाठी काही गोष्टी ठरतात. घटनेनंतर कार्ड कॅमेऱ्यातून काढून तसेच्या तसे बाजूला ठेवावे आणि दुसरे कार्ड वापरावे. चित्रफीत कापू नये, तिच्यावर मजकूर टाकू नये. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली फीत पुन्हा दाबली जाते आणि मूळ तपशील गळतात, तेव्हा ती माहितीसाठी ठीक, पुराव्यासाठी नाही. कॅमेऱ्याचे घड्याळ महिन्यातून एकदा तपासावे. गोप्रोने हिरो 12 मधून जीपीएस काढले होते, ते हिरो 13 मध्ये परत आणले. चित्राबरोबर जागा आणि वेग नोंदला जाणे हा पुराव्याच्या दृष्टीने मोठा गुण आहे. आपला स्वतःचा वेगही त्यात नोंदला जातो, याचे भान ठेवावे.

ज्यांचे चित्रण होते त्यांचाही हक्क असतो. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. बंदरावर मासळी निवडणाऱ्या बायका, घाटात पडलेला जखमी, शाळेच्या दारातली मुले यांचे चेहरे त्यांना न विचारता लोकांपुढे ठेवू नयेत. कॅमेरा लहान होत चालला आहे आणि समोरच्याला तो दिसतही नाही, म्हणून ही जबाबदारी वापरणाऱ्यावर अधिक येते.

खरेदीच्या वेळी आणखी दोन बाबी पाहाव्यात. डीजेआयचा कॅमेरा पहिल्यांदा सुरू करायला कंपनीचे मिमो अ‍ॅप लागते, आणि अँड्रॉइड फोनवर ते गेली काही वर्षे प्ले स्टोअरमधून मिळत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवावे लागते. ज्यांना हे नको वाटते त्यांनी ते आधीच लक्षात घ्यावे. दुसरे, मुंबईत पक्क्या बिलाशिवाय थोडा स्वस्त कॅमेरा मिळतो. सीलबंद वस्तू एकदा बिघडली की ती गल्लीतल्या दुकानात उघडून दुरुस्त होत नाही. उघडली तर पुन्हा पूर्वीसारखी बंद होत नाही. वॉरंटी आणि सेवा केंद्र नसेल तर वाचवलेले पाच हजार पहिल्याच बिघाडात जातात.

एवढे समोर ठेवल्यावर आमचे मत असे आहे. रात्री किंवा पहाटे गाडी चालवणाऱ्याने मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्यावा आणि 8केसाठी वेगळे पैसे मोजू नयेत. ज्याला केवळ अपघाताचा पुरावा हवा, त्याला अ‍ॅक्शन कॅमेऱ्याची गरजच नाही. गाडीच्या बॅटरीवर चालणारा आणि किल्ली फिरवताच सुरू होणारा डॅशकॅम कमी पैशांत ते काम जास्त खात्रीने करतो. बोटीवर आणि डोंगरात मात्र याला पर्याय नाही, आणि तिथे मागच्या वर्षीचे मॉडेल जवळपास तितकेच चांगले आहे, कारण नव्यात सुधारलेल्या गोष्टी तिथे कमी उपयोगाच्या आहेत. ज्याच्याकडे दोन वर्षांपूर्वीचा चालू कॅमेरा आहे आणि जो दिवसाच चित्रण करतो, त्याने तोच वापरावा.

कंपन्यांकडूनही एक मागणी करायला हवी. वातानुकूलन यंत्रांना आपल्याकडे जे तारे मिळतात ते 2018 पासून 24 ते 43 अंश बाहेरचे तापमान गृहीत धरून ठरवले जातात, कारण परदेशातल्या हवेत मोजलेला आकडा इथल्या ग्राहकाला काही सांगत नव्हता. त्यासाठी सरकारला मानक ठरवावे लागले. कॅमेऱ्यासाठी तेवढेही नको. जो कॅमेरा भारतात विकायचा आहे, त्याच्या खोक्यावर 25 अंशांच्या आकड्याशेजारी 40 अंशांचा आकडा छापावा: 4के, 60 चौकटी, स्क्रीन चालू, आणि वारा नसताना किती मिनिटे.